हिरडवाडीचे खांब

१३ जुलै २०२५, रविवार

ईस्टरनंतर आज वही उघडतेय. इतके दिवस एक ओळ लिहिली नाही, माफी असावी — पण मागतेय कुणाकडं? कागदाकडंच. कारणंही काही मोठी नाहीत. उत्तरपत्रिका, अकरावीचे प्रवेश, नवऱ्याच्या — नोहाच्या — फोटो स्टुडिओचं गळकं छत. खरं सांगायचं तर लिहायला बसलं की मी स्वतःची उलटतपासणी सुरू करते. त्याचाच कंटाळा आला होता.

आज उपासना चुकवून हिरडवाडीला गेले. पाळकसाहेब पुढच्या रविवारी हसत विचारणारच — "काय लिडियाबाई, डोंगरावर प्रार्थना झाली का?"

राजूरच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यालगतची ही वाडी. समोरच्या सोंडेवर एक सपाट कातळ आहे. पाच वर्षं झाली, दर आषाढात त्याच कातळावर कॅमेरा उभा करते. तीच लेन्स, तीच चौकट: उजवीकडून डावीकडं उतरणारा डोंगर, पायथ्याला वाडी, उतारावरून वरच्या आळीकडं चढत गेलेले विजेचे खांब, मागं फुगवट्याचं पाणी. वर्षाला एकच फोटो. नोहा म्हणतो, "मी एका लग्नाचे दोन हजार काढतो आणि तू एका डोंगराचा एक! धंदा बुडवशील."

पावसानं हाल केले. लाकडी कॅमेऱ्यावर छत्री, छत्रीवर बनाबाईचं इरलं, आणि काळ्या फडक्याखाली मी. मागच्या काचेवर वाडी उलटी लटकलेली — घरं वर, आभाळ खाली.

लेव्हलच्या नळीत ओल शिरली होती. बुडबुडा दिसेचना. पुसली, फुंकर मारली, ओढणीला घासली. शेवटी काचेवर आखलेल्या उभ्या रेघांना विजेचे खांब लावून घेतले. खांब उभे म्हणजे कॅमेरा सरळ. ट्रायपॉडचं डोकं बरंच कलवावं लागलं. शेवाळावरून एखादा पाय घसरला असेल. धुक्यात फुगवटा दिसतच नव्हता, त्याची हळहळ वाटत होती. मग शटर उघडलं, मनात आकडे मोजत उभी राहिले, आणि तेवढ्यात धुकं सरकलं! पांढरं पाणी चमकलं आणि पुन्हा झाकलं गेलं. शटर मिटलं तेव्हा मी एकटीच हसत होते.

नंतर बनाबाईकडं चहा. वाडीतलं पहिलं घर तिचं. तिचा मुलगा मच्छिंद्र उपसरपंच आहे. म्हातारी मला फोटूबाई म्हणते.

"दरसाल त्योच डोंगर काढती. बदाललाय का त्यो?"

"नाही बदलला. तेच बघायला येते."

"मंग गेल्या सालचाच बगायचा की! कशाला भिजती?"

मच्छिंद्र म्हणाला, वर कड्याखाली भेग पडलीय म्हणून गुराखी सांगतायत, हात जाईल एवढी. बनाबाईनं मान उडवली. "दरसाल पडती, दरसाल बुजती."

निघताना पाहिलं तर घरामागून गढूळ पाण्याचा एक ओघळ वाहत होता. मागच्या वर्षी तो तिथं नव्हता, बहुतेक. बहुतेक! नक्की आठवत नसेल तर लिहू नये.


१५ जुलै

निगेटिव्ह धुतली. ओलसर हवेत वाळायला दिवस लागला. भिंगाखाली पाहिलं — बनाबाईच्या ओसरीवरची दोरी दिसते, दोरीवरची घोंगडी दिसते. खांब ओळीनं ताठ उभे. या पाच वर्षांतली सर्वांत चांगली फिल्म. मनात स्वतःची पाठ थोपटली. मग लाज वाटली, पण थोपटून झाली होती.


१८ जुलै, शुक्रवार

दुपारी मच्छिंद्रचा फोन.

"मॅडम, तालुक्याहून साहेब आलं हुतं. भेग बगून गेलं. म्हनं पाऊस उघडंपतोर समदी आश्रमशाळेत हला."

"मग?"

"मंग काय! भाताची आवनी अर्ध्यात हाय. रोपं काडून ठिवल्यात. आता कोन हलतंय? लोक म्हनत्यात डोंगर जागचा हालल्याला न्हाई. तुमच्याकडं गेल्या सालचा फोटू हाय, औंदाचा बी हाय. दोनी मोठं करून आना. शेजारी शेजारी लावू. काय ते दिसंल."

मला बरं वाटलं. हे लिहूनच ठेवते — बरं वाटलं. माझ्या या खुळाचा कुणालातरी उपयोग होतोय!

नोहाला नाही वाटलं. "भूगर्भवाले नाहीत का?"

"येत्या आठवड्यात येणार म्हणे."

"मग त्यांची वाट बघा म्हणावं. तू काय डोंगराची डॉक्टर आहेस?"

मी म्हणाले, मी नुसते फोटो देतेय, निष्कर्ष काढायचा तो त्यांनी. बोलताना हे वाक्य मला फार आवडलं.


२० जुलै, रविवार

आजही उपासना चुकली.

समाजमंदिरात सभा. दोन्ही प्रिंट भिंतीवर लावले, मागच्या वर्षीचा डावीकडं, या वर्षीचा उजवीकडं. आधी अर्धा तास नुसती जत्रा. "आरं ही बग आपली म्हस!" "ह्यो कोन रं परड्यात बसलाय? तूच न्हवं का?" मग कानिफनाथ पुढं आला. वाडीत सर्वांत जास्त खाचरं त्याची, त्यामुळं तो बोलला की बाकीचे थांबतात. त्यानं छपराची एक सरळ पट्टी आणली होती. ती एकेका खांबाला लावत गेला.

"ह्यो बी उभा. ह्यो बी उभा. रेसभर कलला न्हाई. डोंगर सरकला असता तर खांब ऱ्हायलं असतं व्हय असं सरळ?"

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणाले, "खांब सरळ दिसतात."

तेवढंच म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून ऐकल्यावर माणसांचे खांदे कसे खाली आले ते मी पाहिलं. ठरलं — कुणी हलायचं नाही. मच्छिंद्रनं सगळ्यांना चहा सांगितला.

जाताना बनाबाई म्हणाली, घराचं दार लागेना झालंय, चौकटीत अडतंय. मच्छिंद्र म्हणाला, "लाकूड फुगलंय, आये." मीही म्हणाले, ओलीनं फुगतं. रसायनशास्त्र शिकवते मी, लाकूड का फुगतं ते मला माहीत आहे. दार कुठल्या कोपऱ्यात अडतंय ते मात्र वाकून पाहिलं नाही.


२२ जुलै

त्या फोटोत काहीतरी खटकतंय. काय ते सापडत नाही.


२३ जुलै, बुधवार

सापडलं.

दुपारी कॉलेजातून थेट स्टुडिओत गेले. एक प्रिंट फ्रेम करायचा म्हणून कटरखाली घेतला. कड खांबांना समांतर धरली, खालची कड काटकोनात कापली. पाहते तर पाणी वाकडं. फुगवट्याच्या पलीकडच्या काठाची रेघ आणि कागदाची कड एकमेकींपासून दूर पळत होत्या. वाटलं, मीच वाकडं कापलं. दुसरा प्रिंट घेतला. तेच. तिसरा घेताना हात थांबला.

पाणी कधी कलत नाही.

कललेला कॅमेरा होता. मीच कलवला होता, खांब सरळ दिसावेत म्हणून. म्हणजे खांब सरळ नव्हतेच. उतारावरचे सगळे एकाच बाजूला, दरीकडं झुकलेले. मी कॅमेरा त्यांच्याइतका झुकवला आणि त्यांचं झुकणं पुसून टाकलं. काळ्या फडक्याखाली बसून, नीट, काळजीपूर्वक! आणि तो फोटो वाडीच्या भिंतीवर टांगून आले.

मागच्या वर्षीचा प्रिंट काढला. खांब उभे, पाणीही आडवं. तेव्हा लेव्हल चालू होती.

धुकं सरकलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं.


२४ जुलै

मच्छिंद्रचा फोन लागत नाही. मेसेजपुढं एकच टिक.

सकाळपासून स्वतःशी भांडतेय. पाण्याची पातळी वाढली की काठाचा आकार बदलतो. पलीकडचा काठच तिरपा असेल? भिंग घेऊन बसले. पलीकडची सगळी रेघ मिळून कललीय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तरी शंका आहेच.

नोहाला काही न सांगता दोन्ही प्रिंट दिले. "काय दिसतं?"

"औंदा तू पिऊन कॅमेरा लावला होतास."

मग माझा चेहरा पाहून त्यानं प्रिंट खाली ठेवले. सगळं सांगितलं. म्हणाले, रविवारी जाते, चांगली लेव्हल नेते, पुन्हा फोटो काढते आणि खात्री करूनच त्यांना सांगते. एकदा चुकीचं सांगितलंय, आता दुसऱ्यांदा नको.

तो म्हणाला, "तू फिल्म धुऊन वाळवेपर्यंत डोंगर थांबणार आहे का?"

खात्री मला कुणासाठी हवीय? वाडीसाठी, की लिडियाबाई पुन्हा चुकली असं कुणी म्हणू नये म्हणून? उत्तर येतं, पण ते लिहायला हात धजत नाही.

उद्याच जायचं.


२५ जुलै, शुक्रवार

रजा टाकली. नोहानं गाडी काढली. स्टुडिओचं छत दुरुस्त करणाऱ्या गवंड्याकडून त्यानं ओळंबा मागून घेतला होता. कॅमेराही घेतला होता, पण तो डिकीतून निघालाच नाही.

कातळावर उभी राहिले. हात लांब करून ओळंब्याचा दोरा डोळ्यासमोर धरला. वाऱ्यानं हलत होता, नोहानं छत्रीचा आडोसा केला. दोरा स्थिर झाला. एकेक खांब दोऱ्यामागं आणला. प्रत्येकाचं टोक दोऱ्याच्या डावीकडं. दरीकडं. वाडीतून वर पाहिलं तर हे कळणार नाही, कारण तिथून तो कल पाहणाऱ्याच्याच दिशेनं आहे. फक्त इथून, बाजूनं कळतो. नोहा म्हणाला, "दे इकडं." त्यानंही पाहिलं. मग दोरा गुंडाळून तो वाडीच्या वाटेला लागला.

वाडीत गेलो. माणसं खाचरातून चिखलाच्या पायांनी वर आली. मी उभ्या उभ्या सांगितलं: फोटो चुकीचा होता. खांब कललेत. चूक माझी.

मच्छिंद्रनं हातातली रोपं खाली ठेवली. मग हळू आवाजात, "मॅडम, त्या फोटूवर समदी थांबली."

"हो."

कानिफनाथ म्हणाला, "म्हंजी पैला फोटू खोटा. मंग आजचं बोलनं कशावरनं खरं?"

मी ओळंबा दाखवला. सोंडेवर चला, स्वतः बघा म्हणाले. कुणी हललं नाही. "रोपं उनात टाकून दोऱ्याला लोंबकळायला जाऊ व्हय?" ऊन कुठं होतं! पण लोक हसले.

"चुकल्या तर चुकल्या," कानिफनाथ म्हणाला. "तुमचं चुकलं तर तुमी संगमनेरला जाता. आमचं चुकलं तर आवनी जाती."

मच्छिंद्रची बायको जया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वायरमननंच घाईनं वाकडं रोवलं असतील. भुरभुर सुटली हुती, कवा घरी जाऊ झाल्तं त्येला." पुन्हा हसणं. तेवढ्यात माझ्याही मनात आलं — असेल का तसं? जुन्या काळी कुणीतरी घाईत रोवले असतील आणि मी उगाच... पण मग मागच्या वर्षी सरळ कसे होते?

तेवढ्यात बनाबाईनं हाक मारली. "फोटूबाई, ऱ्हाऊ दे त्येंचं. मदी ये. चा टाकलाय."

उंबऱ्यापाशी गेले. आत चूल पेटलेली, जयाची दोन पोरं तिच्याशेजारी शेकत बसलेली. वर पाहिलं तर कौलांवर डोंगर. पाय उचलेना. खरंच उचलेना!

"नको, आये. बाहेरच घेते."

"भिजत?"

"हो."

माझ्या आजीला तिच्या लहानपणी चहा उंबऱ्याबाहेर मिळायचा, वरून ओतलेला. ते सांगताना म्हातारपणीही ती हातातला कप खाली ठेवायची. बनाबाईनं मला पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसवलं होतं, जात विचारली नाही, देव विचारला नाही. आणि आज तिच्या उंबऱ्याबाहेर मी स्वतःहून उभी.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "भ्या वाटतंय व्हय तुला माज्या घरात यायला?"

मी मान डोलावली.

"तू पाय ठिवीना. मंग माज्या नातवंडांनी का झोपावं हितं?"

ती वळली आणि पातेल्यातला चहा चुलीत ओतला. राख उडाली. पोरांना उठवलं, शेळ्यांचं दावं सोडलं, गोधडी डोक्यावर घेतली आणि माझ्या अंगावरून बाहेर पडली. मच्छिंद्र म्हणाला, "आये, जरा थांब की." थांबली नाही. तिच्यामागून पलीकडच्या घरातली बाई निघाली, मग तिची सून. दिवस मावळायच्या आत सगळी वाडी आश्रमशाळेच्या हॉलमध्ये. कानिफनाथ सर्वांत शेवटी आला, म्हैस ओढत आणि मला शिव्या देत. दे बाबा! हव्या तेवढ्या दे.


२८ जुलै

पाऊस. डोंगर आहे तिथंच.

मच्छिंद्र फोनवर हसला, पण हसणं बरं नव्हतं. "एकाच नळाला समदी वाडी. पोरं तापलीत. कानिफनाथ म्हनतो, फोटूबाईला बोलवा, मेंढरावानी बसल्याल्या आमचा फोटू काडा म्हनावं. सरळ बसतो आमी."

भूगर्भवाले आलेच नाहीत. रस्ता खचलाय म्हणे.

संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि शब्द सापडेनात. डोंगर पडू नये म्हणून मागायचं. मागितलंही. पण त्याच्याखाली एक दुसराच आवाज होता, बारीक: पडला तर मी खरी ठरेन. माणसं हॉलमध्येच आहेत, कुणाचं काही जाणार नाही, नुसती घरं... इथवर आले आणि उठले. ज्यांच्या घरी चहा प्यायले त्यांची घरं!


३१ जुलै, गुरुवार

ऊन पडलं. संगमनेरात रस्ते वाळले. तिकडंही उघडलंय.

मच्छिंद्रचा फोन. आज आवाजात भांडण नव्हतं, थकवा होता.

"मॅडम, येवडंच सांगा. हे कलनं एका राती झालंय का?"

मी विचार केला. मला जे माहीत आहे तेवढंच सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. म्हणाले, "गेल्या आषाढात खांब सरळ होते, या आषाढात कललेले. म्हणजे वर्षभरात झालंय."

तो जरा थांबला. "वरीसभर?"

"हो."

"म्हंजी हळूहळू."

"हळूहळू — पण मच्छिंद्र, पावसाचा जोर आला की..."

"बरं," म्हणाला. फोन ठेवला.

'पण'च्या पुढचं त्यानं ऐकलं का? आणि 'वरीसभर' म्हणताना तो असा का थांबला?


१ ऑगस्ट

अर्धी वाडी परत गेली. कानिफनाथ आधी, त्याच्यामागं बाकीचे. बनाबाईही! हॉलमध्ये शेळ्यांवरून भांडण झालं म्हणे. जयानं फोनवर सांगितलं, "आमचे ह्ये म्हनले, मॅडमच म्हनत्यात हळूहळू हाय. आवनी उरकून घिऊ, मंग बगू." मी तिला म्हणाले, सासूबाईंना फोन द्या. "त्या खाली खाचरात गेल्यात."

मी खोटं बोलले नव्हते. सभेतही खोटं बोलले नव्हते.

जयाकडून वायरमनचा नंबर घेतला. हनुमंत नाव. विचारायचं ठरवलंय — खांब मुळातच वाकडे रोवले होते का? तसं निघालं तर सगळेच सुटलो. माझं हसं होईल, होऊ दे. आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय, मी चुकलेली असावी.

फोन वाजतो, उचलत नाही. घाटात सगळीकडं तारा तुटल्यात म्हणे.


२ ऑगस्ट

काल दुपारपासून पाऊस पुन्हा सुरू झालाय आणि खळ नाही. मच्छिंद्र लागत नाही. जया लागत नाही.

तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. माणूस सभ्य होता. "हिरडवाडी? ती रिकामी केलीय मॅडम. तशी नोंद आहे." मी सांगितलं, अर्धे लोक परत गेलेत. "असं होय? बघतो."


३ ऑगस्ट, रविवार

हनुमंतनं दिवेलागणीला स्वतःहून फोन केला. मागं पावसाचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागत होतं.

"कुटलं खांब? हिरडवाडीचं? वाकडं कसं असतील! जुनं लोखंडी वादळात मोडलं ना औंदा. जून सरता सरता नवं सिमेंटचं रोवलं आमी. ओळंबा लावून, मॅडम, माज्या हातानं. बानावानी सरळ हुतं."

जून सरता सरता. माझा फोटो तेरा जुलैचा.

म्हणजे वर्षभरातलं नव्हे. त्या पंधरा दिवसांतलं. आणि त्यानंतर तर सगळा पाऊस पडलाय.

खांब नवे आहेत हे वाडीत पोरासोरांना माहीत होतं. मला माहीत नसेल असं कुणाला वाटलं नाही, आणि मी विचारलं नाही. लोखंडी की सिमेंटचे, हे भिंगाखालीसुद्धा पाहिलं नाही. सरळ आहेत का, तेवढंच पाहिलं.

नियंत्रण कक्षाला पुन्हा सांगितलं. राजूरच्या अलीकडं रस्त्यावर झाड आडवं पडलंय, उजाडल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तरी नोहा पेट्रोल भरायला गेलाय. वाडीतला एकही फोन लागत नाही.

उद्या: झाडापर्यंत गाडीनं, पुढं चालत, बनाबाईला घराबाहेर काढणे.